टोपी घातलेले प्रवासी

प्राण्यांचा प्रवास म्हटलं की म्हैसूरकरांच्या डोळ्यांपुढे आधी हत्ती येतो. दसऱ्याच्या कितीतरी आठवडे आधी नागरहोळेच्या कडेला वीरनहोसहळ्ळी इथे पूजा होते, हत्तींना ओवाळलं जातं आणि मंडळी शहराकडे निघतात. पूर्वी ती सगळी वाट चालत यायची. आता मान राखण्यापुरती चालतात आणि उरलेला रस्ता लॉरीतून कापतात. हत्तीला वाट परकी नाही. मैलोन्मैल हिंडणं हा त्याचा रोजचाच उद्योग. मांजरांच्या कुळाचं मात्र तसं नाही. वाघ असो, बिबट्या असो की सोफ्यावर लोळणारी घरची मनी, तिला स्वतःच्या वासाने माखलेली, कानाकोपरा ठाऊक असलेली जागा लागते. तिथून उचलून हलत्या गाडीत ठेवलं की तिचं निम्मं जग हातचं गेलेलं असतं. म्हैसूरहून बंगळूरला किंवा थेट कोल्हापूर-पुण्याला मांजर घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला आज जो प्रश्न पडतो, तो याच पंचक्रोशीत सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कर्नललाही पडला होता. त्याची मांजरं जरा मोठी होती, एवढंच.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. म्हैसूरपासून हे बेट पंधराएक किलोमीटरवर. दुसऱ्याच दिवशी कर्नल आर्थर वेलस्लीने जनरल हॅरिसला पत्र लिहिलं, आणि शहराच्या बंदोबस्ताच्या धामधुमीत टिपूच्या वाघांचा विषय काढला. वाघांना खायला काही नाही, त्यांच्याकडे बघायला कोणी नाही आणि ते बिथरत चालले आहेत; निजामाच्या बाजूच्या मीर आलमने ते घेऊन जावेत, नाहीतर गोळ्या घालायचा हुकूम द्यावा लागेल, असा पत्राचा आशय. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच तो वेलिंग्टनचा ड्यूक. वाघ का बिथरले याचं उत्तर त्याच्याच तक्रारीत आहे. त्यांना रोज खायला घालणारी, हाक मारणारी माणसं लढाईत मेली होती किंवा पांगली होती.

टिपूकडे शिकारी चित्तेही होते. तेही विजेत्यांच्या हाती लागले आणि त्यांतले काही लंडनला तिसऱ्या जॉर्ज राजाकडे रवाना झाले. वाघ हलवायचा तर मजबूत पिंजरा हवा. चित्ता मात्र उघड्या बैलगाडीत, माणसाच्या मांडीला मांडी लावून, गर्दीच्या रस्त्यातून जाऊ शकत असे. चित्ता स्वभावाने गरीब, हे याचं एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे या प्राण्याला न बिथरवता इकडून तिकडे नेण्याची एक पूर्ण विद्या या देशात तयार झालेली होती. शिकारीच्या बखरींत आणि चित्रांत सगळं लक्ष चित्त्याच्या झेपेकडे असतं. खरं कसब मात्र झेपेच्या आधीच्या चार-सहा कोसांत असायचं.

या विद्येचा एक जुना उल्लेख म्हैसूरच्या उत्तरेला, कल्याणीच्या चालुक्यांकडे सापडतो. राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींची जी भली मोठी यादी आहे, तीत चित्ते सोडून केलेली हरणांची शिकारही आहे. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण; मराठी आणि कन्नड मुलुख एकाच राज्यात नांदत होते तेव्हाची ही गोष्ट. पुढे मोगलांनी या शौकाचा थाट वाढवला. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते असं त्याच्या दरबारी कागदपत्रांत नोंदलेलं आहे. १५७२ साली सांगानेरजवळ त्याच्या एका चित्त्याने रुंद घळ ओलांडून हरण धरलं, तेव्हा बादशहाने त्याला सगळ्या चित्त्यांचा सरदार केलं आणि त्याच्यापुढे नगारा वाजवत चालायचा हुकूम दिला. कानाशी नगारा वाजत असताना त्या बिचाऱ्याला काय वाटत असेल, याची नोंद दरबारी इतिहासकार अबुल फझलने केलेली नाही.

हजार चित्ते, पण पिंजऱ्यात जन्मलेले जवळपास कोणीच नाहीत. बंदिवासात चित्ते जुळत नाहीत. एकदाच असं घडलं तेव्हा अकबराच्या मुलाने, जहांगीरने, ते नवल म्हणून आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. शिवाय आईच्या हाताखाली शिकार शिकलेला चित्ताच कामाचा, अशी चित्ता पाळणाऱ्यांची पक्की समजूत होती. म्हणजे प्रत्येक शिकारी चित्ता हा रानातून धरलेला जाणता प्राणी. पारध्यांना चित्त्यांची नख्या घासायची ठरलेली झाडं माहीत असत. त्या झाडाभोवती तातीचे फास लावायचे आणि अडकलेल्या चित्त्याला घोंगडीत गुंडाळून, डोळे बांधून गाडीवर घालायचं. त्याचा माणसाबरोबरचा पहिला प्रवास तो हा.

मग काही महिने शिक्षण. त्यात कौतुकाचं जेवढं आहे तेवढंच क्रूरपणाचंही. आधी भूक आणि जागरण. चित्त्याला बाजेला किंवा भिंतीतल्या कडीला दोन्ही बाजूंनी बांधायचं आणि झोपू द्यायचं नाही. शेजारी बायका-पोरांनी बसून तासन्‌तास बोलत राहायचं. मग हातातून मांसाचा तुकडा, कपाळावरून, कानामागून हात. तो जरा निवळला की भर बाजारात बाज टाकायची. ढोल, वरात, बैल, भांडणं, फेरीवाले, सगळं त्याच्या कानावरून गेलं पाहिजे. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात चित्ता आणि त्याचा रखवालदार एकाच बाजेवर, एकाच पांघरुणात झोपलेले रंगवले आहेत. वरवर पाहता ती गंमत वाटते, पण तो धंद्याचा भाग होता. माणसाचा वास चित्त्याच्या अंगाला आणि चित्त्याचा माणसाच्या अंगाला लागला की पुढे गाडी कुठेही गेली तरी चित्त्याच्या नाकाला घर सोबतच असायचं.

गाडी साधी, सपाट, दोन बैलांची. वर चटई किंवा गोधडी, बसून बसून मळलेली, आणि ती तशीच ठेवायची. चित्त्याच्या गळ्यात पट्टा आणि कमरेला दुसरा, म्हणजे गाडी खड्ड्यात आपटली तरी ओढ एकट्या मानेवर येणार नाही. दोर गाडीच्या साट्याला, आणि तो इतकाच लांब की बसता-उठता यावं, उडी मारता येऊ नये. एक किंवा दोन माणसं कायम अंगाला हात लावून बसलेली. आणि डोळ्यांवर टोपी: चामड्याची किंवा जाड कापडाची, डोक्यामागे नाडीने आवळलेली. चित्ता दिवसाउजेडी, डोळ्यांच्या जोरावर शिकार करतो. डोळे झाकले की त्याचं पळायचंही निमित्त गेलं आणि घाबरायचंही. माळावर काळविटांच्या कळपाजवळ पोचेपर्यंत टोपी निघत नसे. काळविटांना शेतकऱ्याची बैलगाडी रोजचीच, त्यामुळे ती अगदी जवळ जाऊ देत. मग टोपी काढायची, चित्त्याला हरण दिसू द्यायचं आणि दोर सोडायचा. शिकार झाली की त्याचा रखवालदार, म्हणजे चित्तेवान, धावत जाऊन लांब दांड्याच्या पळीत हरणाचं रक्त धरे. चित्ता ते चाटण्यात गुंतला की टोपी परत डोळ्यांवर आणि स्वारी परत गाडीत. न झाली तरी टोपीच. दमलेल्या, चिडलेल्या प्राण्याला परतीच्या वाटेवर पुन्हा काही पाहायला लावायचं नाही, हा नियम.

माणूस बदलला की सगळं कोसळतं, हेही या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून चित्ता भेट म्हणून दिला की त्याच्याबरोबर चित्तेवानही दिला जाई. मद्रासचे माजी गव्हर्नर जॉर्ज पिगट यांनी इंग्लंडच्या राजाला दिलेल्या चित्त्याची हीच कथा. १७६४ मध्ये विंडसरच्या राजोद्यानात त्याला एका नर हरणावर सोडलं गेलं आणि त्या अनोळखी, शिंगं रोखून उभ्या राहणाऱ्या जनावरापुढे चित्त्याने माघार घेतली. जॉर्ज स्टब्जने त्यावर काढलेलं मोठं तैलचित्र आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. चित्रात चित्त्यासोबत पांढऱ्या अंगरख्यातले दोन हिंदी सेवक आहेत. एकाने पट्टा धरला आहे आणि चित्त्याच्या कपाळावर सरकवलेली लाल टोपी स्पष्ट दिसते. महासागर ओलांडून, महिनोन्‌महिने जहाजावर राहून तो प्राणी धडधाकट पोचला याचं श्रेय त्या दोघांना. चित्राच्या नावात त्यांचा उल्लेख ‘दोन हिंदी माणसं’ एवढाच.

मराठी मुलखात हा धंदा सगळ्यांत शेवटपर्यंत तगला तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांना चित्त्यांच्या शिकारीची जबर आवड होती आणि संस्थानात त्यासाठी चित्तेवानांची घराणीच होती. बैलगाडीची जागा तिथे घोड्यांच्या ‘ब्रेक’ने घेतली. उंच, उघडी गाडी, वर टोपी घातलेले चित्ते आणि त्यांना धरून बसलेली माणसं, आणि माळावरून भरधाव धावणारे घोडे. १९२२ मध्ये महाराज गेले, तरी त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी हा शौक चालू ठेवला. तोवर हिंदुस्थानातले चित्ते जवळपास संपले होते. १९१८ ते १९४५ या काळात इथल्या संस्थानिकांनी आफ्रिकेतून सुमारे २०० चित्ते आणवले. जहाजातून उतरलेला आफ्रिकी चित्ता, जुन्या घराण्यांतले मराठी बोलणारे चित्तेवान आणि हळूहळू घोड्यांच्या जागी आलेल्या मोटारी, असं ते शेवटचं पर्व. मांजरकुळातला प्राणी मोटारीत बसवून माळ तुडवण्याचा या देशातला धडा त्याच काळात गिरवला गेला. मोटारीचा आवाज, पेट्रोलचा वास, वेग हे सगळं नवीन. टोपी, पट्टा आणि अंगावरचा हात मात्र तोच.

यात एक हिशेब उरतोच. शतकानुशतकं रानातून जाणते चित्ते उचलले गेले आणि त्यांची पिल्लं पिंजऱ्यात झाली नाहीत, तेव्हा ही विद्या ज्या प्राण्यावर उभी होती तोच तिने पोखरत आणला. माळरानं नांगराखाली गेली, हरणं घटली, बंदुका वाढल्या, ते वेगळंच. १९४७ मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातले रानचे शेवटचे चित्ते म्हणून तेच सांगितले जातात. १९५२ मध्ये सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. चित्तेवानांचं काम तोवर जवळपास थांबलं होतं. हाताला लागलेलं बरंचसं ज्ञान त्यांच्याबरोबरच गेलं.

ते नव्याने शिकावं लागलं ते प्राणिसंग्रहालयांना. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ चं. चामराजेंद्र वडियार दहावे यांनी राजवाड्याची प्राणिबाग म्हणून ते सुरू केलं, आणि पुढे बागेची आखणी केली जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुंबिगेल यांनी. आज कर्नाटकातल्या सहलींचा तो ठरलेला थांबा आहे. सहलीच्या मुलांना न दिसणारा त्याचा एक विभाग म्हणजे प्राण्यांची ने-आण. वाघ, सिंह, बिबटे एका शहरातून दुसऱ्या शहरात ट्रकने जातात, आणि आज सगळीकडे मान्य झालेली पद्धत ऐकली की चित्तेवान मान डोलावतील. प्रवासाच्या खूप आधी वाहतुकीचा पिंजरा खोलीच्या दाराशी लावून ठेवायचा. जेवण त्यातच द्यायचं. जनावर आपणहून आत-बाहेर करू लागेपर्यंत दार लावायचं नाही. निघताना पिंजऱ्यावर झाकण, आत अंधार, उन्हाळ्यात रात्रीचा प्रवास, आणि ओळखीचा राखणदार सोबत. भुलीचं औषध शक्यतो नाही, कारण गुंगीतला प्राणी गाडीच्या हेलकाव्यांत तोल सांभाळू शकत नाही आणि उलटी झाली तर गुदमरू शकतो.

ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या भर काळात, म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेतून तीन चित्ते आले: एक नर, दोन माद्या. ते तिथल्या ॲन व्हॅन डाइक चित्ता केंद्रातले. टिपूचे चित्ते जिथून गेले, त्याच मुलखात सव्वादोन शतकांनी चित्ते येत होते, तेही विमानातून. दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियाहून आठ चित्ते ग्वाल्हेरला उतरले आणि हेलिकॉप्टरने मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात गेले. लाकडी पेट्यांतून, सोबत पशुवैद्यक, आणि पोटं रिकामी. चित्तेवान चित्त्याला उपाशी ठेवत ते शिकारीची भूक राहावी म्हणून. आता रिकामं पोट असतं ते मळमळ टाळण्यासाठी.

मांजरांच्या प्रवासाचा दुसरा, फारसा अभिमानाचा नसलेला एक इतिहासही मराठी खेड्यांत आहे. दुधाच्या पातेल्यात तोंड घालणारं मांजर पोत्यात घालायचं, तोंड आवळायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचं. आठवड्याने ते परत चुलीशी. हाच प्रयोग जुन्नरला बिबट्यांवर झाला. उसाच्या फडांतून धरलेले बिबटे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासले तेव्हा १९९३ ते २००१ मध्ये तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, आणि मोठ्या प्रमाणावर बिबटे हलवायला लागल्यावर सरासरी १७ वर गेली, असं दिसलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आपली म्हणावी अशी जागा त्याने स्वतःच्या पायांनी ठरवली. म्हैसूरलाही हा प्रश्न दाराशी आहे: ३१ डिसेंबर २०२४ रोजी इन्फोसिसच्या आवारात बिबट्या दिसला आणि कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं गेलं. बिबट्याला धरून गाडीत घालणं आज जमतं. त्याला कुठे नेऊन सोडायचं, यावर मात्र एकमत नाही.

घरच्या मांजराकडे आलं तर त्याच्याबद्दल विचार सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत. कागदोपत्री तरतूद आहे: १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्री आणि मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे, आणि रेल्वेने किंवा इतर वाहनाने पाठवायचं तर पशुवैद्यकाचा दाखला लागतो. पण स्वतःच्या मोटारीत मांडीवर मांजर घेऊन निघणाऱ्या माणसाला कोण विचारतंय? चित्तेवानाने अशा माणसाला वेड्यात काढलं असतं. त्याच्या चित्त्याला दोन पट्टे होते. सुटं मांजर अचानक ब्रेक लागला की काचेवर आपटतं, किंवा घाबरून ब्रेकच्या पेडलखाली शिरतं, आणि मग धोका फक्त मांजराला राहत नाही.

पुढच्या गोष्टी प्रयोगांनी पक्क्या केल्या. नेदरलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये प्राण्यांच्या आसऱ्यातल्या १९ मांजरांवर पाहिलं की ज्यांना लपायला साधी पेटी मिळाली ती लवकर निवळली. म्हणजे टोपीचं काम मांजरासाठी टोपलीवर टाकलेला पातळ सुती कपडा करतो, हवा खेळती ठेवून. व्हिएन्नातल्या पशुवैद्यक विद्यापीठाने २२ मांजरं घेतली. काहींना सहा आठवडे खाऊ देत देत टोपलीची आणि गाडीची सवय लावली, बाकीच्यांना नाही. शिकवलेली मांजरं गाडीत कमी ताणात राहिली. चित्त्याची ओळख करून घ्यायला चित्तेवानाला महिने लागत. इथे दीड महिना, आणि जागरण-उपासमारीशिवाय. ज्यांना हे करूनही भागत नाही त्यांच्यासाठी गॅबापेंटिन हे औषध आहे; कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१७ मध्ये २० मांजरांवर ते वापरून प्रवासातला ताण उतरतो हे दाखवलं. मात्र ते आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. माणसांच्या मळमळीच्या गोळ्या मांजराला देणं धोक्याचं आहे, आणि पॅरासिटामॉल तर त्याच्यासाठी सरळ विषच.

म्हैसूर-बंगळूर रस्ता १२ मार्च २०२३ रोजी द्रुतगती मार्ग म्हणून खुला झाला आणि ११८ किलोमीटरचं अंतर दीड तासावर आलं. मांजरासाठी ही चांगलीच बातमी. टोपली पुढच्या सीटच्या मागे जमिनीवर घट्ट बसवावी किंवा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावी. आत घरातलं न धुतलेलं पांघरूण घालावं आणि निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये. पुढे पुणे-कोल्हापूरचा पल्ला असेल तर थांबे लागतात. तिथे आधी सगळ्या काचा आणि दारं बंद, मग अंगात घालायचा पट्टा आणि दोरी, आणि त्यानंतरच टोपलीचं दार. मातीचा छोटा ट्रे आणि पाणी गाडीतच. बंद मोटार उन्हात काही मिनिटांत भट्टी होते, म्हणून मद्दूरवडा खायला मुद्दाम महामार्ग सोडून मद्दुरात शिरायचं असेल, तर मंडळींनी पाळीपाळीने उतरावं आणि एकाने एसी चालू ठेवून गाडीतच बसावं. त्याचा वडा बांधून आणता येतो.